स्टँडअप चाळीस मिनिटांचा, बिल अजून निघत नाही

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका पुण्यातल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहेत. कंपनी दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवते. केंद्रावर दूध मोजून घ्यायचं, फॅट-एसएनएफप्रमाणे (दुधातला स्निग्धांश आणि त्याशिवायचे घन घटक) दर लावायचा, दहा दिवसांचं बिल काढायचं, असं काम. टीममध्ये सहा डेव्हलपर, दोन टेस्टर आणि एक डिझायनर. वर्षापूर्वी ‘आता आपण अ‍ॅजाइल’ असं जाहीर झालं, म्हणजे थोडं-थोडं बनवून ग्राहकाला दाखवत पुढे जायची पद्धत. मग कामं रकान्यांत दाखवणारा बोर्ड आला, प्रत्येक कामाची तिकिटं आली, दोन आठवड्यांचे स्प्रिंट (कामाचे ठरावीक टप्पे) आले, रोज साडेदहाचा स्टँडअप (उभ्याउभ्या घ्यायची छोटी बैठक) आला. तो चाळीस मिनिटं चालतो. दर स्प्रिंटला २२ तिकिटं घेतात, १० च्या आसपास पूर्ण होतात, उरलेली पुढे जातात. एका वेळी ३० तिकिटं ‘चालू’ असतात, बॅकलॉगमध्ये (पुढे करायच्या कामांच्या यादीत) १४० पडून आहेत. नवीन बिल मॉड्यूलचं काम पाच महिने सुरू आहे आणि अजून एकाही संस्थेने ते वापरलेलं नाही. साहेबांच्या मते लोक तिकिटं अपडेट करत नाहीत म्हणून हा गोंधळ होतो. त्यामुळे पत्रलेखिका दिवसभर अपडेट मागत फिरतात आणि मुलं पाठीमागे त्यांना ‘टीसी’ म्हणतात. त्यांचा प्रश्न: शिस्त कशी लावू, आणि दुसरं एखादं टूल घेतलं तर फरक पडेल का?

नमस्कार,

‘टीसी’ वाचून हसू आलं खरं, पण मुलांनी नाव अचूक ठेवलंय. टीसी डब्यातल्या प्रत्येकाचं तिकीट बघतो, गाडी मात्र सिग्नलला का उभी आहे हे त्याला सांगता येत नाही.

तिकिटं अपडेट होत नसतील, मान्य. पण रिलीज (नवी आवृत्ती ग्राहकाला देणं) अडकण्याचं कारण तेच, हे कुणी ठरवलं? समजा उद्या सकाळी साडेदहाला सगळी तिकिटं चोख भरलेली आहेत. बोर्डावर काय दिसेल? ३० कामं अर्धवट आहेत, एवढंच. बिल निघणार नाही ते नाहीच. आणि लोक अपडेट का टाळतात तेही बघा. ज्याच्या नावावर चार तिकिटं उघडी आहेत त्याने रोज काय लिहायचं? तो ‘७० टक्के झालं’ असं लिहितो, आणि पुढचे तीन आठवडे ते ७० टक्केच राहतं. याला आळशीपणा म्हणता येणार नाही. त्याच्याकडे सांगण्यासारखं खरंच काही नसतं.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरच हिशोब करू. स्प्रिंटमध्ये कामाचे दहा दिवस आणि पूर्ण होणारी तिकिटं दहा, म्हणजे दिवसाला एक. हातात कायम ३०. रांगेचा एक नियम आहे, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला: एका कामाला सरासरी लागणारा वेळ म्हणजे हातात असलेली कामं भागिले रोज बाहेर पडणारी कामं. ३० भागिले १, म्हणजे कामाचे ३० दिवस. सहा आठवडे! आज हातात घेतलेलं तिकीट सरासरी तिसऱ्या स्प्रिंटच्या शेवटी सुटणार आणि तुम्ही ते पहिल्याच स्प्रिंटमध्ये मागताय. सरासरी आहे ही, एखादं तिकीट दोन दिवसांतही सुटेल. पण २२ च्या २२ सुटणं या रांगेत शक्यच नव्हतं, मग तुम्ही कितीही मागे लागा.

म्हणून पहिला बदल हातातली कामं कमी करण्याचा. नऊ जणांना दहा पुष्कळ झाली: डेव्हलपमेंटमध्ये ५, रिव्ह्यूमध्ये (दुसऱ्याने कोड वाचून बघणं) २, टेस्टिंगमध्ये ३. रकाना भरला की त्यात नवीन काही ओढायचं नाही. आज ३० आहेत त्यातल्या ज्यांना दोन आठवड्यांत कुणी हात लावलेला नाही ती सरळ बॅकलॉगमध्ये परत पाठवा, कुठपर्यंत आलं होतं याची दोन ओळींची नोंद करून. उरलेली दहावर येईपर्यंत नवीन काम बंद.

चार-पाच दिवसांत एखादा डेव्हलपर मोकळा बसलेला दिसेल, आणि बहुतेक टीम मोडतात त्या इथेच. कुणीतरी म्हणतं, ‘रिकामा आहेस ना, मग हे एक छोटंसं घे.’ देऊ नका. त्याने रिव्ह्यूत अडकलेलं वाचावं, टेस्टरशेजारी बसून टेस्टिंग करावं, दुसऱ्याचं अडलेलं काम दोघांनी मिळून सोडवावं. सहा डेव्हलपरना डेव्हलपमेंटची मर्यादा पाचच ठेवली ती चुकून नव्हे.

आता तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाकडे वळतो. यादी आणि बोर्ड यापलीकडे अ‍ॅजाइलमध्ये आहे तरी काय? फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे १७ सॉफ्टवेअरवाले जमले आणि त्यांनी अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला. चार मूल्यं आणि बारा तत्त्वं. त्यात बोर्ड, तिकीट, पॉइंट (काम केवढं याचा अंदाजी आकडा) यांचं नावही नाही. प्रक्रिया आणि टूलपेक्षा माणसं आणि त्यांचा संवाद महत्त्वाचा, हे त्यातलं पहिलंच मूल्य. प्रगतीचं मुख्य माप काय, तर चालणारं सॉफ्टवेअर. स्प्रिंट जिथून आले त्या स्क्रम पद्धतीची अधिकृत मार्गदर्शिकाही पंधरा पानांच्या आतच आहे. २०२० च्या आवृत्तीत ‘स्टोरी पॉइंट’ आणि ‘व्हेलॉसिटी’ (एका स्प्रिंटमध्ये पूर्ण होणारे पॉइंट) हे शब्द सापडत नाहीत. साहेबांना हे मुद्दाम ऐकवायला जाऊ नका, पण तुम्ही ती पानं एकदा वाचून काढा. तासाभराचं काम आहे.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधी कबुली आहे: ग्राहकाला नेमकं काय लागतं हे आपल्याला आधी पुरतं कळत नाही. तेव्हा थोडं बनवा, त्याच्या हातात द्या, कुठे चुकलो ते पाहा आणि पुढचं त्यावरून ठरवा. हा फेरा जेवढा लहान, तेवढी चूक स्वस्त. तुमचा फेरा सध्या पाच महिन्यांचा आहे आणि अजून पुरा झालेला नाही. स्प्रिंटला दोन आठवड्यांचं म्हटल्याने फेरा दोन आठवड्यांचा होत नाही.

बिल मॉड्यूलचंच घ्या. त्याची तिकिटं बहुधा अशी असतील: डेटाबेसचे टेबल, एपीआय (टेबल आणि स्क्रीन यांना जोडणारा भाग), स्क्रीन, प्रिंट, बँकेची फाइल. प्रत्येकाला आपापलं काम वाटून मिळतं, बोर्डही छान दिसतो. पण टेबल पूर्ण झाले म्हणून दूध संस्थेच्या सचिवाला काय मिळालं? शेवटचा थर बसेपर्यंत काहीच चालत नाही, आणि चुका सगळ्या एकदम त्याच दिवशी बाहेर पडतात. केकचे थर आडवे सुटे काढण्यापेक्षा उभा काप घ्या. पहिला काप: एक केंद्र, फक्त गाईचं दूध, एकच दरपत्रक, कपात नाही, एका उत्पादकाचं दहा दिवसांचं बिल स्क्रीनवर दिसायला हवं. प्रिंटसुद्धा नको. दुसऱ्या कापात म्हशीचं दूध, तिसऱ्यात पशुखाद्याची आणि उचलीची कपात, चौथ्यात छापील बिल, पाचव्यात बँकेची फाइल. प्रत्येक काप वरपासून खालपर्यंत चालणारा आणि दोघा-तिघांनी मिळून तीन-चार दिवसांत संपवण्यासारखा. पाच दिवसांत संपत नसेल तर आणखी बारीक करा. ‘हे तोडताच येत नाही’ असं एखादा सीनियर सांगेलच. त्याला विचारा, एकाच शेतकऱ्याचं, एकाच दिवसाचं, एका वेळेचं बिल काढायला किती लागेल? तोडायचं कुठे ते तिथून पुढे त्याचं त्यालाच दिसतं.

लवकर दाखवल्याने काय हाती लागतं याचं एक उदाहरण. सकाळ-संध्याकाळ मिळून दहा दिवसांत एका उत्पादकाच्या २० नोंदी होतात. समजा एका वेळेचं दूध ८.४ लिटर आणि दर ३४ रुपये ३० पैसे, तर रक्कम झाली २८८ रुपये १२ पैसे. आता रक्कम जवळच्या पूर्ण रुपयात प्रत्येक नोंदीला करायची की शेवटी एकदाच? प्रत्येक नोंदीला केली तर एका वेळी जास्तीत जास्त ५० पैशांचा फरक, २० नोंदींत तो दहा रुपयांपर्यंत जाऊ शकतो. डेव्हलपरने आपल्या समजुतीने एक पद्धत लावली आणि संस्थेची वही दुसऱ्या पद्धतीने चालत असेल, तर पहिल्याच बिलाला उत्पादक वही घेऊन सचिवासमोर उभे. हा प्रश्न तुमच्या १४० तिकिटांत नसणार. तो सचिवाच्या डोक्यात आहे, आणि त्याला पहिला काप दाखवला की पाच मिनिटांत बाहेर येतो. पाच महिन्यांनी बाहेर आला तर कपात, प्रिंट, बँकेची फाइल, सगळं पुन्हा उचकटावं लागेल.

तुमच्या स्प्रिंटला म्हणूनच ध्येय नाही. २२ तिकिटं हा नुसता ढीग झाला. ‘या पंधरवड्यात एका केंद्राचं गाईच्या दुधाचं बिल आमच्याकडून निघेल आणि ते वहीशी जुळेल’, हे ध्येय. ते खरं आहे का हे ओळखायची खूण अशी की अर्ध्या वाटेवर दोन तिकिटं वगळावी लागली तरी ध्येय गाठता आलं पाहिजे. तुमच्या धंद्यात एक सोय आयतीच आहे. बिलं १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर अशी पडतात, त्यामुळे कोणताही दोन आठवड्यांचा स्प्रिंट घ्या, त्यात एक तरी बिल येतंच. खऱ्या बिलाशी ताडून बघण्याची अशी संधी फार थोड्या टीमना मिळते.

‘पूर्ण’ कशाला म्हणायचं हेही लिहून काढा. आज तुमच्याकडे डेव्हलपरचं पूर्ण वेगळं, टेस्टरचं वेगळं आणि साहेबांचं तर तिसरंच असणार. अर्ध्या पानात बसेल एवढंच लिहा: दुसऱ्याने कोड वाचला, आपोआप चालणाऱ्या चाचण्या पास झाल्या, टेस्टरने वेगळ्या सर्व्हरवर तपासलं, मागच्या एका खऱ्या बिलाशी पैशापर्यंत जुळलं, मराठी मजकूर स्क्रीनवर तुटत नाही. यातलं एक जरी राहिलं तरी तिकीट ‘पूर्ण’मध्ये जात नाही. ‘९० टक्के’ असा रकाना नसतोच. ‘टेस्टिंग पुढच्या स्प्रिंटमध्ये’ ही पद्धतही बंद. टेस्टरना शेवटच्या दोन दिवसांत सगळं एकदम मिळतं, कारण त्यांना आधी कुणी बोलावतच नाही. काम सुरू करण्याआधी डेव्हलपर, टेस्टर आणि दुधाचा व्यवहार कळणारा एक माणूस, तिघांनी वीस मिनिटं बसून चार-पाच उदाहरणं लिहायची. नेहमीची नोंद. एसएनएफ ८.५ च्या खाली गेलेली नोंद. नासलेलं म्हणून परत केलेलं दूध. आणि ३१ दिवसांच्या महिन्यातलं शेवटचं बिल, ज्यात नोंदी २० नसून २२ असतात. हीच उदाहरणं डेव्हलपर आपोआप चालणाऱ्या चाचण्यांमध्ये घालतो.

पुढचा भाग रुक्ष वाटेल, पण याच्याशिवाय बाकीचं टिकत नाही. कोड दोन आठवडे आपापल्या ब्रँचमध्ये (स्वतःच्या वेगळ्या प्रतीत) ठेवून शेवटच्या शुक्रवारी एकत्र करणारी टीम लहान फेरा झेपवूच शकत नाही, दर वेळी सोमवारपर्यंत जुळवाजुळवच चालते. कोड रोज एकत्र व्हायला हवा. अर्धवट सुविधा ग्राहकाला दिसू नये म्हणून ती संस्थेनिहाय चालू-बंद करायचा स्विच ठेवा. नवं बिल आधी एकाच केंद्राला चालू करता येईल. आणि नवी आवृत्ती चढवायला कुणाला तीन-चार तास हाताने राबावं लागत असेल तर ते काम आधी स्क्रिप्टमध्ये घाला. जे दुखतं ते माणूस टाळतो, आणि टाळलं की पाच महिने होतात. एक पथ्य: बिलाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी काही चढवायचं नाही.

स्टँडअपचं लवकर उरकतो. वेळ पंधरा मिनिटं. ‘काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय’ हे तीन प्रश्न स्क्रमच्या मार्गदर्शिकेनेही २०२० मध्ये काढून टाकले. माणसामागून माणूस घेण्याऐवजी बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचा. पूर्ण होण्याच्या सर्वांत जवळ कोणतं तिकीट आहे, ते आज संपायला काय हवं? तोंडं तुमच्याकडे नकोत, बोर्डाकडे हवीत. दोघांनाच बोलायचं असेल ते नंतर त्या दोघांनी बोलावं. अपडेट मागत फिरायची गरज बरीचशी इथेच संपते, कारण दहाच तिकिटं असतील तर ती सगळ्यांना तोंडपाठ असतात.

स्प्रिंटअखेरचा रिव्ह्यू, म्हणजे झालेलं काम दाखवायची बैठक, सध्या साहेबांसमोर स्लाइड लावून होत असावा. त्यात एक खरा सचिव आणा, फोनवर का होईना. केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दुधाची घाई, तेव्हा वेळ अकरा-बाराची ठेवा आणि बिलाचा दिवस सोडून. माउस त्याच्या हातात द्या. तुमच्या माणसाने वीस मिनिटं तोंड उघडायचं नाही, ‘तिथे क्लिक करा’ हेही म्हणायचं नाही. तो जिथे थांबतो, जिथे वही उघडून बघतो, ते टिपून घ्या. रिव्ह्यूनंतर बॅकलॉगमधला क्रम बदलला का हे दर वेळी बघा. लागोपाठ तीन रिव्ह्यूंनंतर काहीच बदललं नसेल तर तुम्ही विचारत नाही आहात, नुसतं दाखवताय.

आता नाजूक भाग. तुमच्याकडे प्रॉडक्ट ओनर (कामांचा क्रम ठरवणारा माणूस) कोण, हे पत्रातून कळलं नाही, आणि बहुधा टीमलाही कळलेलं नसावं. साहेब थेट डेव्हलपरला फोन करतात का? सेल्सवाले ‘एवढं तेवढं करून टाक’ म्हणतात का? तर मग तुमच्या बोर्डाला मागचं दार आहे. कोणतं काम आधी हे ठरवणारा माणूस एकच हवा. साहेबच असले तरी चालेल, पण मग त्यांनी क्रम लावायचा. ‘नाही’ म्हणणं जड जात असेल तर म्हणा, ‘घेऊ की साहेब, यातलं कोणतं काढू?’ आणि बोर्ड समोर ठेवा. तक्रारीपेक्षा आकडा घेऊन जा. पूर्ण झालेल्या शेवटच्या वीस तिकिटांच्या सुरुवातीच्या आणि संपल्याच्या तारखा काढा, दिवस मोजा, एका कागदावर लिहा. आणि फक्त तीन स्प्रिंट मागा, सहा आठवडे. पद्धत कायमची बदलायची म्हटलं की कुणीही बिचकतं.

ते माणसागणिक पॉइंट मागतील, तिथे मात्र ठाम राहा. पॉइंट हा टीमने आपल्यापुरता लावलेला अंदाज आहे. त्यावर अप्रेझल लागलं की पुढच्या महिन्यात तीनचं काम आठचं होतं, आकडे चढतात, बिल तिथेच. स्टोरी पॉइंट आपण शोधले असतील तर त्याबद्दल वाईट वाटतं, असं रॉन जेफ्रीज यांनी म्हटलेलं आहे, आणि ते स्वतः त्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी.

रेट्रोस्पेक्टिव्ह (काम कसं झालं, काय सुधारायचं यावर स्प्रिंटअखेर टीमची चर्चा) घेता का, हे लिहिलं नाहीत. घेत नसाल तर सुरू करा, तासभर पुरे. साहेब नकोत. आधी पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून चिठ्ठ्यांवर लिहायचं, मगच बोलायचं, नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचंच मत होतं. शेवटी सुधारणा एकच निवडायची, तिला एक नाव लावायचं आणि ती पुढच्या स्प्रिंटच्या बोर्डावर टाकायची. बारा ठरवल्या तर एकही होत नाही.

१४० च्या बॅकलॉगमधली सहा महिन्यांपेक्षा जुनी तिकिटं काढून टाका. हात थरथरेल, पण खरोखर महत्त्वाचं असेल ते फोनवरून परत येतंच.

अशीच पत्रं इतरांचीही येतात, तेव्हा एक गोष्ट त्यांच्यासाठीही: सगळीकडे हे सगळं लागत नाही. केंद्रावरचा प्रिंटर बंद, पासवर्ड विसरला, काट्याची वायर सैल, असल्या कामांना साधी यादी आणि ‘आलं तसं उरक’ पुरतं. त्यांना स्प्रिंटमध्ये कोंबू नका, एक माणूस आठवड्याच्या पाळीने त्यावर ठेवा. काय करायचं आणि कसं करायचं दोन्ही आधीच पक्कं असेल तिथे चेकलिस्टसारखं काही नाही. स्लॅब ओतून बघू, नाही जमला तर पुढच्या पंधरवड्यात बदलू, असं कुणी करत नाही. पुढे काय निघेल हे माहीत नसतं तिथेच लहान फेऱ्यांचा खर्च परवडतो.

सगळं एकदम सुरू करू नका. पहिल्या स्प्रिंटला फक्त कामांची मर्यादा आणि पंधरा मिनिटांचा स्टँडअप. दुसऱ्याला पहिला उभा काप आणि ‘पूर्ण’ची व्याख्या. तिसऱ्याला सचिवासमोर रिव्ह्यू. मधल्या काळात पूर्ण झालेल्या तिकिटांची संख्या कदाचित कमी दिसेल, साहेबांना हे आधीच सांगून ठेवा. त्यांनी बघायचं ते एवढंच: एका तिकिटाला लागणारे दिवस घटले का, आणि बिल एका तरी केंद्रावर निघालं का.

टूल बदलू नका. रकान्याला मर्यादा घालायची सोय तुमच्या आत्ताच्या टूलमध्ये बहुधा असेल, नसेल तर रकान्याच्या नावापुढे ‘५’ लिहा, तेवढ्यानेही भागतं. साहेबांकडे पैसे मागायचेच असतील तर एका डेव्हलपरच्या आणि एका टेस्टरच्या एसटीच्या तिकिटाचे मागा. बिलाच्या दिवशी पहाटे केंद्रावर नुसतं बसून बघायचं आहे, तेव्हा आदल्या रात्रीच्या मुक्कामाचेही धरा.